शाळेंतील बुद्धि आणि बाजारांतील बुद्धि

‘व्यक्ति तितक्या प्रकृति’ ही म्हण मराठी घरांत सर्वांच्या तोंडीं असते. परंतु देश तितक्या बुद्धि, असेंहि म्हणतां येईल काय? एका देशांतील मूल ज्या रीतीनें विचार करावयास शिकतें त्याच रीतीनें दुसऱ्या देशांतील मूल शिकतें, कीं त्याची वाट निराळी असते? आणि ती निराळी असल्यास एक वाट पुढें गेलेली व दुसरी मागें राहिलेली, असा निवाडा कोणीं आणि कोणत्या आधारावर द्यावयाचा? गेल्या सव्वाशें वर्षांत या प्रश्नांना जीं उत्तरें देण्यांत आलीं त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यांत थोर शास्त्रज्ञांचे परिश्रम आहेत, त्यांच्या चुका आहेत, आणि त्या चुकांची किंमत ज्यांना द्यावी लागली अशीं असंख्य माणसें व मुलेंहि आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत असा एक समज रूढ होता कीं, रानावनांत राहणाऱ्या लोकांचीं इंद्रियें अत्यंत तीक्ष्ण असतात, आणि त्यांची सारी शक्ति पाहण्या-ऐकण्यांतच खर्च झाल्यामुळें उच्च प्रतीच्या विचाराला कांहीं शिल्लक राहत नाहीं. हा समज पारखून पाहण्याची पहिली मोठी संधि १८९८ सालीं आली. त्या वर्षीं केंब्रिज विद्यापीठांतून हॅडन यांच्या नेतृत्वाखालीं एक संशोधक-मंडळ ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनींतील बेटांवर गेलें. मंडळांतील रिव्हर्स यांनीं तेथील लोकांच्या दृष्टीचीं मोजमापें घेतलीं. बेटावरील लोकांची दृष्टि चांगली होती; परंतु तींत अलौकिक असें कांहीं नव्हतें. दूरची वस्तु ते चटकन ओळखीत, तें डोळ्यांच्या विशेष सामर्थ्यामुळें नव्हे, तर आपल्या परिसराच्या निकट परिचयामुळें. याहून मौजेची गोष्ट दृष्टिभ्रमाची. सारख्याच लांबीच्या दोन रेघा काढून एकीच्या टोकांना आंत वळलेलीं व दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेलीं बाणासारखीं चिन्हें जोडलीं, म्हणजे पहिली रेघ आंखूड आणि दुसरी लांब भासते. या भ्रमाला इंग्रज माणसें जितकीं बळी पडत तितके बेटावरील लोक पडत नसत. म्हणजे ज्यांना मागासलेले म्हणून हिणविलें जात होतें, तेच येथें कमी फसले! डोळे सर्वांचे सारखे. पाहण्याच्या संवयी मात्र निराळ्या, असा या निरीक्षणाचा रोख होता.

याच सुमारास पॅरिस येथें निराळ्याच कारणानें बुद्धीचें मोजमाप सुरू झालें. फ्रान्समध्यें सक्तीचें शिक्षण आल्यावर वर्गांत मागें पडणाऱ्या मुलांचें काय करावें, हा प्रश्न सरकारपुढें उभा राहिला. अशीं मुलें शोधून काढून त्यांना विशेष साहाय्य देतां यावें, एवढ्याच हेतूनें आल्फ्रेड बिने यांनीं आपले सहकारी सिमाँ यांच्यासह १९०५ सालीं प्रश्नांची एक चढती मालिका तयार केली. बुद्धि ही जन्मतः ठरलेली आणि कधींहि न बदलणारी राशि आहे, हें मत बिने यांना मुळींच मान्य नव्हतें. योग्य शिक्षणानें ती वाढवितां येते, असें त्यांनीं १९०९ सालीं स्पष्टपणें लिहून ठेविलें. परंतु १९११ सालीं ते निवर्तले, आणि त्यांचें साधन दुसऱ्यांच्या हातीं गेलें. अमेरिकेंत गॉडर्ड यांनीं या कसोटीचा पुरस्कार केला, व १९१३ सालीं न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावर, युरोपांतून नुकत्याच आलेल्या आगंतुकांवर ती लावून पाहिली. बोटीच्या सर्वांत खालच्या वर्गांतून उतरलेले, प्रवासानें थकलेले, परक्या भूमीवर भांबावून उभे असलेले हे गरीब लोक. त्यांना दुभाष्यामार्फत प्रश्न विचारले गेले, आणि तपासलेल्यांपैकीं बहुसंख्य लोक मंदबुद्धि असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढें १९२८ सालीं गॉडर्ड यांनीं आपलीं पूर्वीचीं मतें बऱ्याच अंशीं मागें घेतलीं. पण शब्द मागें घेतला म्हणून त्याचा परिणाम मागें येतोच असें नाहीं. साहाय्यासाठीं घडविलेलें हत्यार निवाड्यासाठीं वापरलें गेलें, आणि पुढील अनेक वर्षें तें तसेंच वापरलें जात राहिलें.

भारतांतहि ही कसोटी आली. लाहोर येथें हर्बर्ट राइस यांनीं हिंदुस्थानी भाषेंत तिची मांडणी केली. त्यांचा ग्रंथ १९२९ सालीं प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यांत डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांकरितां बिने यांच्या प्रश्नमालिकेची नवी आवृत्ति बसविली, आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० सालीं बाहेर पडला. अशा कामांत नुसत्या भाषांतरानें भागत नाहीं. फ्रेंच नाण्यांच्या जागीं रुपये-आणे घालतां येतात. परंतु ज्या घरांत मुलाच्या हातीं पैसा दिला जात नाहीं, तेथील मुलाला तो प्रश्न तितकाच सोपा राहील काय? यमक जुळविण्याचा प्रश्न एका भाषेंत सोपा, तर दुसरींत अवघड होऊन बसतो. शब्द बदलला कीं प्रश्नाचें वजन बदलतें, हा अनुभव कसोटी एका भाषेंतून दुसरींत नेणाऱ्या प्रत्येकाला येतो. एका देशांतील मुलाचे गुण दुसऱ्या देशांतील मुलाच्या गुणांशेजारीं मांडण्यापूर्वीं दोघांना खरोखर एकच प्रश्न विचारला गेला होता काय, हें पाहणें अगत्याचें ठरतें.

या इतिहासांतील सर्वांत चित्तवेधक प्रकरण मध्य आशियांत घडलें. १९३१ व १९३२ या दोन वर्षींच्या उन्हाळ्यांत रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर ल्यूरिया हे सहकाऱ्यांसह उझबेकिस्तानांतील खेड्यांत व डोंगराळ कुरणांत गेले. योजना त्यांची व लेव्ह विगोत्स्की यांची मिळून होती. परंतु विगोत्स्की क्षयानें पीडित असल्यामुळें जाऊं शकले नाहींत, आणि १९३४ सालीं त्यांचा अंत झाला. त्या प्रदेशांत तेव्हां मोठी उलथापालथ चालू होती. सामुदायिक शेती येत होती, साक्षरतेचे वर्ग निघत होते. एकाच गांवांत पूर्णपणें निरक्षर शेतकरी आणि एक-दोन वर्षें शाळेंत बसलेले तरुण शेजारीं शेजारीं राहत होते. जीवनक्रम बदलल्यानें विचाराची रीतहि बदलते काय, हें पाहण्यास याहून योग्य स्थळ मिळणें कठीण होतें.

ल्यूरिया चहापानाच्या बैठकींत गप्पांच्या ओघांत प्रश्न विचारीत. दूर उत्तरेस, जेथें बर्फ असतें तेथें, सर्व अस्वलें पांढरीं असतात. नोवाया झेम्ल्या हें ठिकाण दूर उत्तरेस आहे. तर तेथील अस्वलांचा रंग कोणता? शाळेंत गेलेल्या मुलाला हा प्रश्न म्हणजे पोरखेळ. परंतु निरक्षर शेतकरी उत्तर देण्याचें नाकारीत. आपण काळें अस्वल पाहिलें आहे, दुसरें पाहिलेलें नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं त्याविषयीं बोलूं नये. तिकडे जाऊन आलेल्या माणसाला विचारावें, अशा अर्थाचीं त्यांचीं उत्तरें असत. दुसरा प्रश्न चित्रांचा. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लांकडाचा ओंडका. यांपैकीं गटांत न बसणारी वस्तु कोणती? शिकलेला माणूस ओंडका बाजूला काढतो, कारण बाकीचीं तीन हत्यारें आहेत. शेतकरी म्हणे कीं सर्वच हवींत. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड घेऊन करावयाचें काय? थोडेंफार शालेय शिक्षण झालेले तरुण मात्र दोन्हीं प्रश्नांना शाळेच्या अपेक्षेप्रमाणें उत्तरें देत.

यावरून ल्यूरिया यांनीं असा निष्कर्ष काढला कीं, अमूर्त विचाराची शक्ति वंशावर किंवा रक्तावर अवलंबून नसून समाजाच्या जीवनक्रमावर आणि शिक्षणावर अवलंबून असते. हा निष्कर्ष मागासलेपणाच्या वांशिक कल्पनेला छेद देणारा होता. तरीहि मॉस्कोंत त्याचें स्वागत झालें नाहीं. अल्पसंख्य राष्ट्रकांचा यांत अपमान आहे, असा ठपका ठेवण्यांत आला, आणि या संशोधनाचा सविस्तर वृत्तांत पुस्तकरूपानें प्रसिद्ध होण्यास १९७४ साल उजाडावें लागलें. चार दशकें तें काम बासनांत पडून राहिलें.

त्या शेतकऱ्यांच्या उत्तरांकडे आतां पुन्हां पाहिलें असतां एक गोष्ट लक्षांत येते. न्यायालयांत साक्षीदारानें स्वतः पाहिलेलेंच सांगावें, ऐकीव गोष्टींवर अनुमान बांधूं नये, असा सर्वमान्य नियम आहे. तो शेतकरी नेमकें हेंच करीत होता. प्रश्नाच्या पहिल्या दोन वाक्यांना तो एका परक्या माणसाची साक्ष समजत होता, आणि त्या साक्षीची जबाबदारी घ्यावयास तयार नव्हता. शाळा मुलाला याच्या नेमकें उलट शिकविते. एका टांकीला दोन नळ आहेत असें गुरुजींनीं सांगितलें कीं मुलानें ती टांकी कोठें आहे हें विचारावयाचें नसतें. दिलेलें क्षणभर खरें मानून पुढें चालणें ही एक मोठी विद्या आहे, आणि तिच्यावर सारें गणित व शास्त्र उभें आहे. परंतु ती शिकावी लागते. आणि जो ती शिकला नाहीं तो अविचारी ठरत नाहीं.

शाळा मुलाच्या विचाराला नेमकें काय देते, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हां ऐरणीवर आला. जिनिव्हा येथील झां पियाजे यांनीं मुलांच्या विचाराच्या वाढीचे टप्पे दाखवून दिले होते. रुंद पेल्यांतील पाणी मुलादेखत उंच व निमुळत्या पेल्यांत ओतलें, तर लहान मूल म्हणतें कीं पाणी वाढलें. सात-आठ वर्षांच्या सुमारास तेंच मूल सांगूं लागतें कीं पाणी तेवढेंच आहे. हा क्रम सर्व मनुष्यजातीचा, कीं स्वित्झर्लंडमधील मुलांचा? या शंकेनें पॅट्रिशिया ग्रीनफील्ड या तरुण अमेरिकन संशोधिकेनें १९६३-६४ च्या सुमारास आफ्रिकेंतील सेनेगल देशांत वोलोफ मुलांवर प्रयोग केले. शाळेंत जाणाऱ्या मुलांचीं उत्तरें वयाबरोबर जिनिव्हासारखींच बदलत गेलीं. शाळेंत न जाणाऱ्या खेड्यांतील मुलांपैकीं सुमारें निम्मीं मुलें अकरा-तेरा वर्षांचीं झालीं तरी पाणी कमी-जास्त झालें असेंच म्हणत.

येथेंच थांबलें असतें तर आणखी एक निवाडा तयार होता. परंतु ग्रीनफील्ड यांनीं मुलांचीं कारणें ऐकून घेतलीं. पाहुण्या बाईनें पाणी ओतलें म्हणून तें बदललें, असें कित्येक मुलांचें म्हणणें होतें. जणूं तिच्या हातांत कांहीं विलक्षण शक्ति होती. मग त्यांनीं मुलांच्याच हातीं पेले दिले. स्वतः पाणी ओतल्यावर पुष्कळ मुलांना तें तेवढेंच असल्याचें समजलें. आपल्या हातांत जादू नाहीं हें मुलांना ठाऊक होतें. आणखी एक बारकावा असा. तुला असें कां वाटतें, या प्रश्नावर शाळेंत न गेलेलीं मुलें गप्प बसत. तें तसें कां आहे, असें विचारलें कीं बोलूं लागत. वस्तूविषयीं त्यांना मत होतें. आपलें मत ही वस्तूहून निराळी गोष्ट आहे, हा भेद मात्र शाळेंतील मुलांच्या अंगवळणीं पडलेला होता.

सेनेगलच्या दक्षिणेस लायबेरिया देश आहे. तेथील क्पेले जमातींत गणिताचें शिक्षण कां रुजत नाहीं, याचा शोध जॉन गे आणि मायकेल कोल यांनीं १९६० नंतरच्या दशकांत घेतला. क्पेले मुलांना गणित जमत नाहीं, ही तक्रार त्यांच्या कानीं आली होती. बाजारांत जाऊन पाहतां निराळेंच दृश्य दिसलें. तांदुळाच्या ढिगांत किती मापें आहेत याचा अंदाज बांधण्यांत क्पेले माणसांनीं अमेरिकन माणसांना सहज मागें टाकलें. भाताची शेती करणाऱ्या लोकांचा डोळा तांदुळावर बसलेला होता. त्यांच्या सहकाऱ्यांपैकीं जोसेफ ग्लिक यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. अन्न, हत्यारें, भांडीं, कपडे अशा वीस वस्तु लावून ठेवावयास सांगितल्या असतां क्पेले माणसांनीं सुरी संत्र्याजवळ ठेविली, कारण सुरीनें संत्रें कापतात. शहाणा मनुष्य अशाच लावील, असें त्यांनीं सांगितलें. शेवटीं कंटाळून विचारण्यांत आलें कीं, मूर्ख मनुष्य कशा लावील? तेव्हां त्यांनीं अन्न एकीकडे, हत्यारें दुसरीकडे, असे चार नीट गट तत्काळ करून दाखविले. जी शक्ति त्यांच्या ठिकाणीं नाहीं असा समज होता ती होतीच. फक्त तिचा असा उपयोग करणें त्यांना शहाणपणाचें वाटत नव्हतें.

त्याच देशांतील वाई जमातीनें आणखी एक गुंता सोडविण्यास मदत केली. लिहिता-वाचतां आल्यामुळें विचार बदलतो, कीं शाळेंत गेल्यामुळें? अन्यत्र अक्षर आणि शाळा सहसा जोडीनेंच येतात, म्हणून हा भेद करतां येत नाहीं. वाई लोकांची मात्र स्वतःची लिपि आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दुवालू बुकेले यांनीं ती निर्माण केली, आणि ती शाळेंत न शिकवितां घरींच किंवा मित्राकडून शिकली जात असे. पत्रें व हिशेब तींत लिहीत. याशिवाय कुराण-शाळेंत अरबी आणि सरकारी शाळेंत इंग्रजी. अशा तीन तऱ्हांच्या साक्षरांची तुलना सिल्व्हिया स्क्रिब्नर व मायकेल कोल यांनीं केली. त्यांचा ग्रंथ १९८१ सालीं निघाला. नुसत्या अक्षरज्ञानानें विचारांत सर्वांगीण पालट होतो, ही अपेक्षा फोल ठरली. वाई लिपि जाणणारे, खेळाचे नियम अनोळखी माणसाला नीट समजावून देण्यासारख्या कांहीं कामांत सरस ठरले. पत्रलेखनांत हीच संवय लागते. कुराण पाठ करणारे क्रमानें वाढत जाणाऱ्या यादीच्या स्मरणांत सरस ठरले. आणि आपल्या उत्तराचें कारण शब्दांत मांडण्यांत इंग्रजी शाळेंत गेलेले पुढें होते. कारण ‘असें कां?’ हा प्रश्न वर्गांत नित्य विचारला जातो. ज्याचा सराव, त्याची शक्ति. इतका साधा अर्थ यांतून निघाला.

मेक्सिकोंतील कुंभारांच्या मुलांनींहि याच गोष्टीची साक्ष दिली. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हें कुंभाराच्या मुलांना इतर मुलांपेक्षां अधिक चांगलें कळतें, असें प्राइस-विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६९ सालीं दाखविलें. पियाजे यांचे शिष्य पियेर दासें यांनीं कॅनडांतील इन्युइट, मध्य ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवासी आणि आयव्हरी कोस्टमधील शेतकरी यांच्या मुलांची तुलना केली. शिकारीसाठीं दूरवर भटकणाऱ्या समाजांतील मुलांना दिशा व अवकाश यांची समज लवकर येते. धान्य पिकवून मोजणाऱ्या व बाजारांत विकणाऱ्या समाजांतील मुलांना परिमाणाची समज लवकर येते, असें त्यांना आढळलें. वाट एकच असली तरी तिच्यावरील कोणता टप्पा आधीं गांठावयाचा, हें पोटापाण्याचा व्यवसाय ठरवितो.

परंतु या साऱ्या कथेंत सर्वांत अधिक अस्वस्थ करणारा प्रसंग ब्राझिलमधील रेसीफे शहरांतील आहे. तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर व अनालूसिया श्लीमान या तिघांनीं रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या ५ मुलांचा बारकाईनें अभ्यास करून तो १९८५ सालीं प्रसिद्ध केला. ते गिऱ्हाईक होऊन मुलांकडे जात. एका नारळाची किंमत ३५ क्रुझेरो, तर १० नारळांची किती? मुलगा मोठ्यानें हिशेब करी: तिनांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीन म्हणजे ३१५, आणि वर एक, झाले ३५०. शाळेंत शिकविलेली, दहानें गुणतांना शून्य देण्याची युक्ति त्यानें वापरली नाहीं. पण उत्तर बिनचूक दिलें. अशा व्यवहारांत मुलांचीं शेंकडा ९८ उत्तरें बरोबर आलीं. पुढें त्याच मुलांना तशींच उदाहरणें कागदावर दिलीं. शब्दांत मांडलेल्या उदाहरणांत प्रमाण शेंकडा ७४ वर आलें, आणि नुसते आंकडे मांडून दिले तेव्हां शेंकडा ३७ वर. मूल तेंच, गुणाकार तोच. फक्त नारळ नाहींसे झाले.

ही परक्या देशांतील नवलकथा म्हणून सोडून देतां येत नाहीं. २०२५ सालीं अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के व त्यांचे सहकारी यांनीं कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेंहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हीं मुलें नेहमींच्या मापांत न बसणाऱ्या वजनाची किंमत काढून उरलेले पैसे बिनचूक परत देत. परंतु पाठ्यपुस्तकांतील साधी वजाबाकी किंवा भागाकार पुढें आला कीं अडखळत. याच्या उलट, बाजाराचा अनुभव नसलेलीं शाळेंतील मुलें पुस्तकी उदाहरणें बऱ्यापैकीं सोडवीत. पण बाजारासारखा व्यवहार पुढें ठेवतांच गोंधळत. दोन्हीं बाजूंना विद्या होती, आणि दोन्हींमध्यें पूल नव्हता. महाराष्ट्रांत पंतोजींच्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे घोकून घेत, त्यांचें मर्म येथें ध्यानांत येतें. ते पाढे सरळ दुकानाच्या गादीवर उपयोगी पडत. १९५७ सालीं दशमान नाणें आलें, मापेंहि बदललीं, आणि त्या पाढ्यांची गरज ओसरली. गरज ओसरली हें खरें; परंतु वर्ग आणि बाजार यांच्यामधील ती एक पायवाटहि त्याबरोबर बुजली.

कांहीं वेळां मुलाच्या मार्गांतील खडा त्याच्या भाषेंतच असतो. चिनी भाषेंत अकराला ‘दहा-एक’ आणि तेविसाला ‘दोन-दहा-तीन’ असें म्हणतात. चार-पांच वर्षांच्या चिनी व अमेरिकन मुलांना मोजावयास लावलें, तेव्हां दहापर्यंत त्यांच्यांत फरक दिसला नाहीं; अकरापासून पुढें अमेरिकन मुलें मागें पडूं लागलीं, असें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसून आलें. मराठी मुलाचें ओझें तर याहून भारी. त्रेपन्न म्हणतांना तीन आधीं, लिहितांना पांच आधीं. आणि एकोणसाठ म्हणतांना तर साठांतून एक वजा. २०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत ‘एकवीस’ याच्या जोडीला ‘वीस एक’ असें वाचन देण्यांत आलें, तेव्हां महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. डॉ. मंगला नारळीकर या तेव्हां गणित समितीच्या अध्यक्ष होत्या; लहान मुलांची अडचण दूर व्हावी हा बदलाचा हेतु असल्याचें त्यांनीं सांगितलें. भाषेच्या जुन्या वळणांविषयींचें प्रेम आणि मुलाची सोय यांचा तो झगडा होता. कोणत्याहि बाजूचा कौल घेतला तरी एवढें मान्य करावें लागतें कीं, अडखळणाऱ्या मुलाचा दोष नेहमींच मुलाचा नसतो.

शाळा-शाळांमध्येंहि भेद असतात. हॅरल्ड स्टीव्हन्सन व जेम्स स्टिग्लर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मिनिआपोलिस, जपानमधील सेंदाई आणि तैवानमधील ताइपे या शहरांतील पहिलीच्या व पांचवीच्या मुलांची तुलना केली. सर्वसाधारण बुद्धीच्या कसोट्यांत तिन्हीं शहरांतील मुलांमध्यें म्हणण्यासारखें अंतर नव्हतें; गणितांत मात्र अमेरिकन मुलें बरीच मागें होतीं. कारणें शोधतां दोन गोष्टी पुढें आल्या. जपानी शिक्षक एखाद्या तासांत मोजकींच उदाहरणें घेई, पण तीं सोडविण्याच्या निरनिराळ्या रीति मुलांकडूनच काढवून घेई, आणि चुकलेली रीतहि फळ्यावर मांडून तिचा विचार करवी. दुसरी गोष्ट घरांतील. मुलाच्या यशाचें कारण विचारलें असतां अमेरिकन माता जन्मजात बुद्धीला अधिक महत्त्व देत. जपानी व चिनी माता परिश्रमाला. ज्या घरांत ‘याला गणित जमतच नाहीं’ असें एकदां ठरून जातें, त्या घरांत तें पुढें खरेंहि होऊन बसतें.

बेटावरील दृष्टिभ्रमापासून बाजारांतील हिशेबापर्यंतचा हा प्रवास एका दिशेनें झाला आहे. आरंभीं प्रश्न असा होता कीं, कोणत्या लोकांना विचार करतां येतो व कोणाला येत नाहीं. तो हळूहळू असा झाला कीं, कोणत्या प्रसंगीं, कोणत्या सरावानें आणि कोणाच्या प्रश्नांना उत्तर देतांना माणसाचा विचार प्रकट होतो. याचा अर्थ शाळा निरुपयोगी असा मात्र नव्हे. उझबेकिस्तानांतील तरुणांना एक-दोन वर्षांच्या शाळेनें जें दिलें, सेनेगलमधील मुलांना आपल्या मताकडे वळून पाहण्याची जी दृष्टि दिली, ती सामान्य देणगी नव्हे. न पाहिलेल्याचा विचार करण्याची शक्ति बाजार शिकवीत नाहीं. ती शाळाच शिकवूं शकते, आणि म्हणूनच ती प्रत्येक मुलाला मिळणें हा त्याचा हक्क आहे. परंतु शाळा जें मोजते तेवढीच बुद्धि, असें समजणें ही चूक आहे. आणि तिची झळ एलिस बेटावरील माणसांना जशी लागली, तशी ती अजूनहि कोपऱ्यांत गप्प बसलेल्या अनेक मुलांना लागत असते.

रेसीफेंतील तो मुलगा रस्त्यावर हुशार आणि वर्गांत मठ्ठ ठरला. दोन्हीं निवाडे एकाच मुलाचे होते. त्याच्या हातीं नारळ होता तेव्हां त्याला विचारणारे गिऱ्हाईक होतें, आणि उत्तर बरोबर आलें कीं चुकलें हें त्यालाच कळत होतें. वर्गांत त्याच्या हातीं कागद आला, आणि उत्तराची पारख दुसऱ्याच्या हातीं गेली. शिक्षकानें आणि आई-बापांनीं मुलाला ‘ढ’ म्हणण्यापूर्वीं त्याला एकदां नारळ विकतांना पाहून यावें. नंतर त्याच्या शेजारीं बसून, त्याच्याच हिशेबावरून कागदावरील हिशेबाकडे त्याला बोट धरून न्यावें. बिने यांनीं १९०५ सालीं आपली प्रश्नमालिका लिहिली ती याच हेतूनें.